आधी काटा शून्यावर


माझ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये आर्गॉनचा प्लाझ्मा हजारो अंश तापतो. तो पुरेसा तापलाय का, हे आम्ही रोज सिरियमचं द्रावण सोडून पाहतो. ऑक्साइड साधारण 2 टक्क्यांच्या आत हवं. जास्त भरलं तर प्लाझ्मा थंड.

एकदा ते 5 भरलं. घाईत मी तसेच बोअरवेलच्या खारट पाण्याचे नमुने लावले. शिसं मर्यादेत आलं. पण थंड प्लाझ्मात क्षार सिग्नल दाबतात, हे मला माहीत होतं. रात्रभर झोप नाही. सकाळी नेब्युलायझरच्या वायूचा प्रवाह कमी केला, ऑक्साइड खाली आणलं, पुन्हा मोजलं. लिटरला 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडलेली! अहवाल थांबवला.

सर, काटा शून्यावर आणल्याशिवाय तुम्ही वजन करू देत नव्हता. तेव्हा राग यायचा. आज नमस्कार करतो.