आवाज कसला, ते आधी विचारा



डॉक्टर, श्रवणतज्ज्ञ आणि कारखान्यांतले वैद्यकीय अधिकारी यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. विषय मी मुद्दाम कर्णनादाचा निवडला. धरमतरच्या खाडीत बार्ज लागतात, खनिज नि कोळसा उतरतो. शेजारी डोलवीला पोलाद तयार होतं, नागोठण्याला पेट्रोरसायनं, रोह्याच्या धाटावला रसायनं. अशा पट्ट्यात ‘कानात आवाज येतो’ ही तक्रार ओपीडीला नवी नाही. पण केसपेपरवर तिच्या वाट्याला एकच ओळ येते : टिनिटस, चक्करेची गोळी, पंधरा दिवसांनी दाखवा. मला बोलायचंय ते या ओळीबद्दल.

कानातला आवाज हा रोग नव्हे, लक्षण आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगताना कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड वेगळे मोजले. आवाजाआवाजांत फरक करायला हवा, हे तेव्हाही कळत होतं. आपल्या हाती ऑडिओमीटर आहे, एमआरआय आहे, आणि तरी आपण ‘कसला आवाज?’ एवढंच विचारायचं विसरतो.

माझ्याकडे मिठागरावर काम करणारी एक बाई आली होती. म्हणाली, ‘कानात कुणीतरी कांडतंय.’ मी तिला म्हटलं, जसा आवाज येतो तसं टेबलावर बोट आपटून दाखवा. तिचं बोट टेबलावर पडत होतं आणि माझी बोटं तिच्या नाडीवर होती. दोन्हीचा ठेका एकच! खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं, पाळीत महिनोन्‌महिने जास्त रक्त जात होतं. उपचार कानावर झालेच नाहीत. रक्त भरलं तसा आवाज विरत गेला. नाडीबरोबर ठोके देणारा आवाज रक्तप्रवाहाचा असतो. रक्तक्षय, थायरॉईडचा जोर, मानेतली अरुंद झालेली धमनी, मधल्या कानातली रक्तवाहिन्यांची गाठ, डोक्यातला वाढलेला दाब, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. मानेच्या बाजूला हलकेच दाबल्यावर आवाज थांबला, तर बहुधा तो शिरेतला. डोकेदुखी आणि अंधुक दिसणं सोबत असेल तर डोळ्याचा पडदा त्याच दिवशी तपासून घ्या.

सर्वाधिक रुग्ण मात्र शिट्टी किंवा रातकिडे सांगतात. कानाच्या शंखातल्या केशपेशी मेल्या की त्या स्वरांचा निरोप मेंदूला पोचत नाही. मग मेंदू स्वतःच आवाज वाढवून घेतो, असं आज मानलं जातं. वयामुळे हे होतं, तसंच गोंगाटामुळेही. गोंगाटाची खूण ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा बनून दिसते. तेवढ्याने बोलणं ऐकण्यात अडत नाही, म्हणून कारखान्यातला फिटर ठामपणे सांगतो, ‘मला सगळं ऐकू येतं.’ त्याच्यासाठी ती शिट्टी हीच पहिली सूचना असते. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्या कारखाना-नियमांतली मर्यादा, आणि गोंगाटाने आलेला बहिरेपणा १९२३च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोग ठरला. म्हणून कारखान्यांतल्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : कामावर घेतानाचा ऑडिओग्राम जपून ठेवा. तो नसेल, तर उद्या त्या कामगाराला आपलं नुकसान दाखवायला कागदच उरत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेजवळ नाचून आलेल्या पोराच्या कानातला आवाज बहुतेकदा दोन दिवसांत जातो. त्यालाही सांगा, कान दुखावला होता म्हणून तो आवाज आला.

इंजेक्शनांचा नि गोळ्यांचा इतिहास विचारा. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, क्विनाइन, मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन ही सगळी कानाला लागतात. घरघर, दडा बसणं आणि गरगरून उलट्या हे झटक्यांनी एकत्र येत असेल, तर मेनिअरच्या आजाराचा विचार करा. टकटक होत असेल तर टाळू पाहा, कधी तिथला स्नायू उडताना दिसतो. जबडा हलवल्यावर आवाज बदलला तर दात-जबडा तपासा. कायम एकाच कानात येत असेल, तर श्रवण-मज्जातंतूवरची गाठ नाही ना, याची खात्री होईपर्यंत रुग्णाला सोडू नका. आणि मळ? दुर्बिणीने आधी तोच पाहायचा. एवढ्यावर सुटलेले रुग्ण कमी नाहीत.

पुष्कळांना सगळ्या तपासण्या करूनही काही सापडत नाही. त्यांना ‘सवय करा’ म्हणून वाटेला लावू नका. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना निःशब्द खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आला. हे रुग्णाला सांगितलं की त्याची निम्मी भीती जाते. मग ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, रात्री खोलीत पंख्यासारखा मंद आवाज, झोप उडाली असेल तर समुपदेशन. गोळी नाही, पण इलाज आहे.

एक प्रसंग मात्र वाट पाहू देत नाही. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद, त्यात गूं गूं आवाज. आणि सर्दीचा दडा समजून नाकात थेंब. ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवा. आवाज बंद कानाकडे गेला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. चांगल्या कानाकडे गेला, तर आतला कान निकामी होतोय. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो, म्हणून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे धाडा. पुढच्या टेबलावर फोर्क ठेवलेले आहेत. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या कपाळावर लावून पाहावा आणि मगच जेवायला जावं.