कॅमेरा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे

(बोदलकसा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



शहरांतील गुन्हेगारीची चर्चा निघाली की शासनाचे उत्तर हल्ली ठरलेले असते: कॅमेरे बसवा. उद्या तिरोडा-गोंदियाच्या चौकांसाठीही हीच मागणी तुमच्यापुढे येईल. लोकांना सुरक्षितता हवी आहे, आणि ती अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, या यंत्राने नेमके काय साधते?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये ५८ माणसे मारली गेली. स्थानकातील कॅमेऱ्यांनी हल्लेखोर टिपले; ते चित्रण पुढे खटल्यात पुरावा ठरले. पण त्यांनी एकही गोळी अडविली नाही. त्यानंतर आखलेली शहरव्यापी कॅमेऱ्यांची योजना २०१६ साली कार्यान्वित झाली. तिचा खर्च सुमारे साडेनऊशे कोटी रुपये!

वेल्श, फॅरिंग्टन प्रभृती अभ्यासकांनी चाळीस वर्षांतील संशोधनाचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक अभ्यास ब्रिटन-अमेरिकेतले आहेत. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी घटलेले दिसले. सर्वांत ठळक घट वाहनतळांवरची होती. हिंसक गुन्ह्यांवर मात्र म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. याचे कारण उघड आहे. चोर हिशेब करतो. संतापाने वा नशेने बेभान झालेला माणूस हिशेब करीत नाही. शिवाय, पडद्यासमोर माणूस सतत लक्ष ठेवून असेल आणि इतर उपायांची जोड असेल, तेथे गुण अधिक येतो. म्हणजे केवळ खांबावर यंत्र टांगून भागत नाही. त्यामागे माणसे नेमावी लागतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की, सार्वजनिक पैसा एकदाच खर्च करता येतो. कॅमेऱ्यावर गेलेला रुपया दिवाबत्तीवर, गस्तीवर, रिक्त जागा भरण्यावर जात नाही. ठेकेदाराला पहिला व्यवहार सोयीचा असतो. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगार स्त्रीला कदाचित दुसरा.

आणि नजर कोणावर? सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवून ते चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला. तरीही कोठडीतील मृत्यू आणि ठाण्यांतील बंद कॅमेरे यांमुळे सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला हा प्रश्न आपणहून पुन्हा हाती घ्यावा लागला. रस्त्यावरच्या नागरिकाचे चित्रण करायला तत्पर असलेले शासन स्वतःच्या कोठडीबाबत इतके मंद का?

म्हणून कॅमेऱ्यांना सरसकट विरोध नको, आंधळा होकारही नको. कोणता गुन्हा रोखायचा आहे, चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस राहणार, यंत्र बंद पडल्यास जबाबदार कोण, ही विचारणा ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत करा. आणि पहिला कॅमेरा पोलीस ठाण्यात चालू आहे ना, हे आधी विचारा. ज्याच्या हाती दंडा, त्याच्यावर नजर प्रथम. लोकशाहीचा क्रम हाच आहे.