शिळेवरचे नाटक, कानातले गाणे

नोह हा जपानचा जुना नाट्यप्रकार. चौदाव्या-पंधराव्या शतकांत कानअमी व त्याचा पुत्र झेआमी यांनी तो घडविला. मुखवटे धारण करून संथ पावलांनी होणारे त्याचे प्रयोग आजही होतात. शेजारी चित्रपटगृहे गजबजलेली असतात, आणि १९७० नंतर काराओकेचे यंत्र आल्यापासून साधा कारकूनही संध्याकाळी ध्वनिमुद्रित वाद्यमेळावर स्वतः गाऊन घेतो. जुने आणि नवे असे एकत्र नांदते, याचे एक कारण १९५०च्या कायद्यात सापडते. त्या कायद्याने देवळे व मूर्ती यांच्याबरोबर कलांनाही संरक्षण दिले. आणि १९५५ पासून कला अंगी असलेल्या व्यक्तीलाच तिचा धारक म्हणून सरकारी मान मिळू लागला. असा कलावंत म्हणजे जिवंत राष्ट्रीय ठेवा, असे तेथील लोक म्हणतात.

ठेवा वस्तूत नसून माणसात असतो, हा विचार पवारांच्या धार व देवास या माळव्यातील दोन गावी ताडून पाहण्याजोगा आहे.

धारेत १९०३ साली एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी परमार राजा अर्जुनवर्मा याच्या पदरी असलेल्या राजगुरू मदनाने ती रचली. गुर्जरनृपतीवर विजय मिळताच राजाच्या वक्षावर पारिजाताचा गुच्छ पडतो आणि त्याची सुंदरी होते. मग राणीचा रुसवा ओघानेच आला! वसंतोत्सवात धारेतच तिचा प्रयोग व्हावयाचा होता. चार अंकांपैकी दोनच हाती आहेत. पण खरी हानी उरलेल्या दोन अंकांची नव्हे. जे दोन अंक आहेत, तेही कोणत्या चालीवर गायिले जात, नटी कशी वळत असे, हे शिळा सांगत नाही. अक्षर राहिले, प्रयोग गेला.

देवासला नेमके उलटे घडले. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत तेथे आले ते क्षयाने ग्रासलेले. कोरडी हवा मानवेल म्हणून आले, आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंदच राहिले. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. ज्याला गाता येत नाही त्याने काय करावे? ते ऐकत राहिले. लग्नाची, ऋतूंची, सणांची माळवी गाणी बायका गात. त्यांच्या चाली त्यांनी टिपल्या. शीलनाथ महाराजांच्या धुनीवरची नाथपंथी निर्गुण भजने कानी आली. दुखणे हटल्यावर हेच सारे मैफलीत उतरले. लोकधुनांतून निघालेल्या नव्या रागांना ते ‘धुनउगम’ म्हणत, आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी व राग छापून निघाले. लिपी नसलेली चाल एका आजारी माणसाच्या कानामुळे सभागृहात पोचली.

तथापि एक बोच राहते. कुमारांना १९९० साली पद्मविभूषण मिळाले, आणि ते यथार्थच होते. परंतु ज्या बायांच्या कंठी त्या चाली होत्या, त्यांना धारक कोणी म्हटले? आज लग्नाच्या वरातीत ध्वनिवर्धकांची गाडी पुढे चालते. मुलीने आजीकडून गाणे उचलावे, तर आजीचा आवाजच त्या गदारोळात ऐकू येत नाही.

यंत्राला मात्र सरसकट दूषण देणे अन्यायाचे होईल. शेजारच्या उज्जैन जिल्ह्यात लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे शाळामास्तर. तंबुऱ्याच्या नादाने ते कबीराच्या भजनांकडे वळले आणि खेडोपाडीच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींत गाऊ लागले. त्यांचा आवाज माळवाभर पसरला तो कॅसेटींमुळे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅसेट ऐकून किती पोरांनी तंबुरा हाती धरला, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण माळव्यातील गावांतून आजही भजनी मंडळी रात्री जमतात, आणि तेथे ऐकणारा थोड्या वेळाने झांजा घेऊन गाणाऱ्यांत जाऊन बसतो.