परक्या घरात, बरोबरीच्या नात्याने

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात अचलपूर येथे दिलेले भाषण)



परदेशी शिक्षणावर बोला, असे मला सांगण्यात आले होते. मी त्यातल्या एका लहानशा वाटेविषयीच बोलणार आहे, कारण ती वाट आपल्या एका घराच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे.

आपल्या शाळेतून गेलेली एक मुलगी बी. ए. झाली. पुण्यात राहून फ्रेंच शिकली. एक दिवस ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. फ्रान्समधल्या एका कुटुंबाने तिला वर्षभरासाठी बोलावले होते. त्यांची दोन मुले सांभाळायची, त्यांच्याच घरी राहायचे, आणि उरलेल्या वेळात भाषेच्या वर्गाला जायचे. या व्यवस्थेला तिकडे ‘ओ पेअर’ म्हणतात. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आपा, पोरीला बी. ए. पर्यंत शिकवलं ते काय लोकांची पोरं सांभाळायला? आपल्या इथं याला आयाच म्हणतात ना?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसले. त्या वाचनात जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवते.

त्या वडिलांची भीती खोटी नव्हती. इंग्रजी अमलात मुंबई, कलकत्त्याहून शेकडो आया साहेबांच्या मुलांना घेऊन बोटीने विलायतेला जात. समुद्राच्या प्रवासात मूल सांभाळणे हे कसबाचे काम होते आणि त्या बायका त्यात तरबेज होत्या. पण बोट धक्क्याला लागली की काही मालकीणबाई त्यांना तिथेच सोडून देत. परतीचे तिकीट नाही, हातात कागद नाही, ओळखीचे कोणी नाही. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचे घर चालत असे. 1900 मध्ये ते हॅकनी भागात हलवण्यात आले. त्या भागातल्या अशाच एका इमारतीवर 2022 मध्ये स्मरणाची निळी पाटी लागली. या बायकांकडे काम होते, प्रामाणिकपणा होता. नव्हती ती लेखी हमी.

आता ‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दाकडे पाहा. त्याचा अर्थच ‘बरोबरीने’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या पुष्कळ तरुण मुली भाषा शिकण्यासाठी शेजारच्या देशांत अशा कुटुंबांतून राहू लागल्या. काही ठिकाणी त्यांना फुकटच्या मोलकरणी म्हणून राबवले जाऊ लागले. म्हणून 24 नोव्हेंबर 1969 रोजी स्ट्रासबुर्ग येथे युरोपातील देशांनी एक करार केला. ही मुलगी केवळ विद्यार्थिनीही नाही आणि कामगारही नाही, दोन्हींचे गुण असलेला हा वेगळा वर्ग आहे, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला साधारणपणे पाच तासांहून अधिक काम नको, शक्य तर स्वतंत्र खोली, भाषेच्या वर्गाला जाण्यास वेळ, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी, आणि आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची पूर्ण मोकळीक. हे सर्व लेखी असावे, आणि शक्यतो मुलीने स्वतःचा देश सोडण्यापूर्वीच लिहिले जावे, असेही त्यात आहे.

फ्रान्सने 2019 पासून यासाठी वेगळा व्हिसा ठेवला आहे. वय 18 ते 30. मुलगेही जाऊ शकतात. आठवड्याला जास्तीत जास्त 25 तास, राहणे-जेवण, आणि महिन्याला किमान 320 युरो हातखर्च. मुदत एक वर्षाची, ती आणखी एक वर्ष वाढवता येते. म्हणजे ही नोकरी नव्हे आणि कायम राहण्याची वाटही नव्हे. कोणी एजंट “एकदा जा, पुढे तिकडेच सेटल करून देतो” म्हणत असेल, तर त्याला दारातूनच सलाम करा.

हा माणूस-माणसातला विश्वास कसा जमतो, याचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलुखातलेच आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या प्रथम राहिल्या. पण त्या घराशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून चालू होता. आपण काय खातो, काय नेसतो, काय मानतो, हे त्यांनी अगोदर कळवले होते. त्या घरी त्यांनी आपले शाकाहारी जेवण आणि लुगडे सोडले नाही. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. 1887 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी त्याच कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परके घर किती आपले होऊ शकते, याचा याहून मोठा दाखला मी काय देऊ?

दुसरे नाव आपल्या मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. अतिया फैजी. त्यांची बहीण नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम होती. 1906 साली अतियाबाई शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथून त्या घरी बहिणींना रोजनिशीसारखी पत्रे लिहीत. ती उर्दूत छापून आली आणि 1921 मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने त्यांचे पुस्तक झाले. प्रकृतीमुळे त्यांना लवकर परतावे लागले, तरी त्यांच्या पत्रांमुळे किती घरांतल्या मुलींना जग दिसले असेल! तेव्हा जाणाऱ्या मुलीने आठवड्याला घरी कळवत जावे, आणि घरच्यांनी ते नीट वाचावे.

पालकहो, आपल्या मनातले बाकीचे प्रश्न मला ठाऊक आहेत. खाण्याचे काय? तर हराम-हलाल आधीच स्पष्ट लिहावे. मुलांना डुकराचे मांस वाढावे लागेल का, हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला? रोजाचे काय? तिकडे उन्हाळ्यात दिवस इतका लांबतो की रोजा 17 तासांहून मोठा होतो. अशा दिवसांत मुलांमागे धावणे कसे जमेल, हे दोघांनी मिळून ठरवावे. ओढणीचे काय? 2004 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत विद्यार्थिनींना डोक्याला रुमाल बांधता येत नाही, आणि 2010 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकता येत नाही. रस्त्यावर डोके झाकण्यास मात्र मनाई नाही. त्या कुटुंबाला ते चालेल का, हे आधी विचारलेले बरे. पॅरिसची मोठी मशीद 1926 पासून उभी आहे. परक्या मुलखात आपले कोणीच नाही, असे समजू नये.

विद्यार्थ्यांनो, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा. करारनाम्याची एक प्रत अम्मी-अब्बांजवळ राहू द्या. परतीच्या तिकिटाचे पैसे कोणाच्याही भरवशावर न ठेवता बाजूला काढा. भारतीय वकिलातीचा पत्ता जवळ बाळगा. आणि भाषा जाण्याआधी शिका. ज्याला भाषा येत नाही, त्याला अन्याय झाला तरी सांगता येत नाही. आपल्या घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत मराठी आणि इंग्रजी. चार भाषा सांभाळणाऱ्या अचलपूरच्या मुलाला पाचवी अवघड का वाटावी?

आता त्या मुलीचे सांगते. माझ्या सांगण्यावरून तिने त्या कुटुंबाला पत्र लिहिले. कामाचे तास किती, खोली कोणती, वर्गाला कधी जाऊ देणार, शुक्रवारच्या नमाजाचे कसे? त्या पत्राला उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले, तरी नाही. पोरगी माझ्यासमोर रडली. म्हणाली, “आपा, तुमच्या प्रश्नांनी माझं जाणं गेलं.” खरे सांगते, त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका कुटुंबाचे पत्र आले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि चार प्रश्न तिला विचारले होते. ते पत्र तिने वडिलांना एकेक ओळ मराठीत करून ऐकवले. वडिलांनी शेवटी एवढेच विचारले, “तेबी आपल्याला विचारतात?” ती हो म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, “मग जा.”

माझ्याकडे आठ दिवस उत्तर नव्हते, ते त्या बापाने एका प्रश्नात शोधले. जिथे दोन्हीकडून विचारले जाते, तिथे बरोबरी असते. मुलीला आपण शिकवले ते यासाठीच, की तिने विचारावे. तिला पाठवायचे की नाही, हे प्रत्येक घराने आपापले ठरवावे. पण तिने प्रश्न विचारला म्हणून तिला गप्प करू नका, एवढीच माझी विनंती.