दिसणारा कोळी

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यांत माझा नातू पुण्याहून चंद्रपुरास आला, तो एक प्रश्न बरोबर घेऊनच आला. त्याला घरीं पाळण्यासाठीं टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, हवा होता. त्याच्या एका मित्रानें असा कोळी पाळला आहे. परंतु याने तीन वेळां त्या घरीं जाऊन पाहिलें, तरी काचेच्या पेटींत मातीवांचून कांहीं दिसलें नाहीं. म्हणून त्याची अट अशी कीं, कोळी दिसला पाहिजे. "आजोबा, तुम्ही शाळेंत शास्त्र शिकवलंत. कोणती जात बाहेर बसून राहते, तेवढं सांगा," असें तो म्हणाला.

आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर आहे. तें देण्याचा अधिकार मला विद्येनें आलेला नाहीं, एका चुकीनें आलेला आहे. ती चूक आधीं सांगतों.

मी १९८१ सालीं मास्तरकीस लागलों, तेव्हां गडचिरोली हा जिल्हा नव्हता. तो चंद्रपुरांतून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. माझी शाळा त्या रानांतल्या भागांत होती. पहिला पाऊस पडून गेल्यावर शाळेमागच्या नाल्याच्या दरडींत मुलांना एक बीळ सांपडलें. तोंडाशीं रेशमी धाग्यांचें अस्तर, आंत काळोख. मीं खुरप्यानें बीळ खणलें, आंतला तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर काढला आणि मातीनें अर्ध्या भरलेल्या काचेच्या बरणींत घालून शास्त्राच्या कपाटावर ठेवला. पहिल्या दिवशीं सारी शाळा रांगेनें येऊन पाहून गेली. दुसऱ्या दिवशीं त्यानें माती उकरण्यास आरंभ केला. आठवड्यानें तो दिसेनासा झाला, आणि पुढें बिळाचें तोंडही धाग्यांनीं बंद झालें.

मुलें कुरकुरूं लागलीं. "गुरुजी, कोळी मेला," असें एकानें ठासून सांगितलें. मलाही राहवेना. फूटपट्टीच्या टोकानें मीं माती बाजूला केली. कोळी उताणा पडला होता, पाय आंत वळलेले. मेलाच, असें समजून मीं त्याला पट्टीनें उलथविलें, आणि तेव्हां जुन्या कातेंतून अर्धें बाहेर आलेलें त्याचें ओलें, पांढुरकें अंग दिसलें. तो मेलेला नव्हता. कात टाकीत होता. कोळी कात टाकतांना उताणाच पडतो, आणि त्या वेळीं त्याची नवी त्वचा इतकी मऊ असते कीं स्पर्शानेंही ती फाटते, हें मला ठाऊक नव्हतें. संध्याकाळपर्यंत तो खरोखरच मेला. मुलांसमोर मला कांहीं बोलतां आलें नाहीं.

असो. या प्रसंगानंतर मीं कोळ्यांविषयीं मिळेल तें वाचलें. त्यांतून पहिली गोष्ट कळली ती ही कीं, टॅरंटुला हें एका कोळ्याचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें आहे. त्या कुळांत आज हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात. राहणीवरून त्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. कांहीं जाती बिळांत राहतात, कांहीं झाडांच्या ढोलींत किंवा सुटलेल्या सालीखालीं राहतात, आणि कांहीं जमिनीवर दगडाच्या अगर ओंडक्याच्या आडोशानें राहतात. दिसण्याचा प्रश्न याच ठिकाणीं सुटतो. बिळांतला कोळी दिसणार नाहीं. झाडावरचा दिवसां दिसणार नाहीं. रात्रीं ढोलीच्या तोंडाशीं येईल आणि दिव्याचा झोत पडतांच आंत पळेल. उघड्यावर बसेल तो जमिनीवरचा.

आतां नवल असें कीं, उघड्यावर निवांत बसणारे हे कोळी बहुतेक अमेरिका खंडांतले आहेत. याला कारण आहे. अमेरिकेंतील बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर बारीक, कांटेरी केस असतात. शत्रु जवळ आला कीं मागच्या पायांनीं ते घासून हवेंत उडवावयाचे. ते नाकांडोळ्यांत गेले म्हणजे असह्य खाज सुटते. खाजकुइलीचा प्रसाद ज्यानें घेतला असेल त्याला अधिक सांगणें नको. आपल्या आशियांतील जातींना हें शस्त्र नाहीं. लपणें, पळणें आणि अगदींच गांठ पडली तर चावणें, एवढेच उपाय त्यांच्यापाशीं आहेत. त्यांच्या दंशानें माणूस दगावल्याचा खात्रीचा दाखला नाहीं. परंतु झाडावरच्या भारतीय जातींच्या दंशानें वेदना होतात आणि स्नायूंना पेटके येतात. तेव्हां आपला कोळी लपतो तो भित्रेपणानें नव्हे. लपणें हीच त्याची ढाल आहे.

म्हणून नातवाच्या प्रश्नाचें सरळ उत्तर असें: चिलीकडील गुलाबी झांक असलेली जात, मेक्सिकोंतील लाल गुडघ्यांची जात, आणि व्हेनेझुएलाच्या पारागुआना द्वीपकल्पांतील निळ्या पायांची व नारिंगी पोटाची जात, या दिसणाऱ्या जाती होत. शेवटची तर झुडपांच्या बुंध्याशीं दाट जाळें विणून त्यावरच वावरते. परंतु दिसणें म्हणजे हालणें नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. चिलीचा कोळी दिवसचे दिवस दगडासारखा एका जागीं बसतो आणि कधीं कधीं महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाहीं. मादी असेल तर ती वीस वर्षेंही जगते. आज दहावींत असलेला मुलगा बाप होईल, तरी पेटींत ती असेलच.

कोणी अशी युक्ति सांगतात कीं, पेटींत माती थोडी घालावी आणि आडोसा ठेवूं नये, म्हणजे कोणतीही जात दिसत राहते. ही युक्ति नव्हे, छळ आहे. आडोसा नसलेला कोळी कोपऱ्यांत अंग चोरून बसतो आणि खाणें सोडतो. खरा अनुभव उलट आहे. लपण्यास जागा असली, पेटी वर्दळीपासून दूर आणि मंद उजेडांत असली, म्हणजेच तो निर्धास्तपणें बाहेर येतो. जमिनीवरच्या जातीची पेटी उंच मात्र नसावी. त्यांचें पोट जड असतें, आणि हातभर उंचीवरून पडलें तरी तें फुटूं शकतें.

जाती सांगितल्या, आतां त्या घराकडे येतात कशा, तेंही पाहिलें पाहिजे. परदेशांतून जिवंत प्राणी आणावयाचा तर सरकारी परवाना लागतो. लाल गुडघ्यांच्या मेक्सिकन कोळ्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारानें नियंत्रित आहे, आणि आपल्याकडे २०२२ सालीं दुरुस्त झालेल्या वन्यजीव कायद्याप्रमाणें अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. झाडावर राहणाऱ्या भारतीय व सिंहली टॅरंटुलांनाही २०१९ सालीं त्याच करारांत घेण्यांत आलें. अभयारण्यांतून किंवा राष्ट्रीय उद्यानांतून तर परवान्यावांचून लहानसा जीवही उचलतां येत नाहीं.

एवढी खबरदारी कशासाठीं, हें एका कोळ्याच्या कथेनें कळेल. आमच्या बल्लारपुरास सागाचे ओंडके रचून ठेवलेलें आगार ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना आंध्रांतील गुत्तीची गोष्ट डोळ्यांसमोर आणणें अवघड नाहीं. तेथें रेल्वेच्या लाकडांच्या आगारांत एक निळ्या रंगाची कोळ्याची मादी सांपडली, आणि पोकॉक या शास्त्रज्ञानें १८९९ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती लाकडांबरोबर कोठल्या रानांतून आली, कोणास ठाऊक नव्हतें. पुढें शंभर वर्षें ती जात कोणास दिसली नाहीं. २००१ सालीं ती गुत्तीपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलांत पुन्हा सांपडली. २००८ सालीं तिची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली, आणि तरीही तिच्या निळ्या रंगापायीं परदेशांतील हौशी लोकांच्या पेट्यांत ती आहेच. लहानशा जंगलांतील जुन्या झाडांच्या ढोली, एवढेंच तिचें घर. झाड तुटलें कीं घर गेलें, आणि जी मादी कोणी उचलून नेली तिच्याबरोबर पुढची पिढीही गेली.

नातवानें हें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग मी काय पाळूं?" मीं त्याला म्हटलें, तुला पाळावयाचा आहे कीं पाहावयाचा आहे, तें आधीं ठरव. पाळावयाचाच असेल तर पेटींत जन्मलेला, कागदपत्रांसह मिळणारा, जमिनीवरच्या जातीचा घे, आणि वीस वर्षांची जबाबदारी घे. पाहावयाचा असेल तर पावसाळ्यानंतर पुन्हा ये.

तो दिवाळींत आला. ताडोबाच्या वाटेवर दोन झाडांमध्यें ताणलेलें पिवळसर चमकीचें भलें मोठें जाळें आणि त्याच्या मध्यावर भर दुपारीं उघडी बसलेली मोठ्या वनकोळ्याची मादी मीं त्याला दाखविली. तिच्याच जाळ्याच्या एका कडेला मुगाएवढा तिचा नर होता. तो दाखवितांच मुलगा मोठ्यानें हंसला. मग घरच्या जास्वंदीवर इंग्रजींत ज्याला सहीचा कोळी म्हणतात तो सांपडला. जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली, आणि त्या फुलीवर दोन-दोन जोडून ठेवलेले आठ पाय. त्या कोळ्याला लपावयाचें नसतें. जाळें हेंच त्याचें घर आणि तेंच त्याचें शस्त्र. सुटीचे बारा दिवस नातवानें वही घेऊन त्याची नोंद ठेवली: जाळें केव्हां विणलें, काय पकडलें, पाऊस शिंपडला तेव्हां काय केलें.

जातांना ती वही तो घेऊन गेला. टॅरंटुलाचा बेत त्यानें सोडला आहे, असें मी म्हणणार नाहीं. परवां त्यानें पत्रांत पेटीची लांबीरुंदी विचारली आहे. मीं मापें कळविलीं, आणि खालीं एक ओळ अधिक लिहिली: कोळ्यानें बिळाचें तोंड बंद केलें, तर उघडूं नकोस. श्रोतेहो, चाळीस वर्षांपूर्वीं हें एवढें वाक्य मला कोणी सांगितलें असतें, तर फार बरें झालें असतें.