२१ दिवसांची वही



मी सातवीपर्यंत शिकलेली. शास्त्रावर मी बोलावे, याचे मलाच हसू येते. पण आमच्या खुडूक कोंबडीने मला व माझ्या धाकटीला जे शिकवले, ते आपल्यापुढे ठेवते.

कोंबडीखाली आम्ही ११ अंडी ठेवली. धाकटीला एक वही देऊन सांगितले, "रोज दिसेल तेवढेच लिही." कोंबडी चोचीने अंडी फिरवते, हे तिने पहिल्याच दिवशी टिपले. तसे न केल्यास आतला जीव कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटतो. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे विजेरीपुढे धरले. ९ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या; २ नुसतीच उजळ. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दृष्ट लागली हो!" धाकटीने त्यांनाच विजेरीपुढे बसवले. "आजी, यांत जीव धरलेलाच नाही." आजींनी चष्मा लावून दोन्ही पाहिली, मग गप्प झाल्या.

२१व्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर गेली. दुपार झाली तरी पिल्लू बाहेर येईना. माझा डोळा चुकवून पोरीने दयेपोटी कवच सोलले. रक्त आले आणि पिल्लू तिच्या ओंजळीतच गेले. मी रागावले, ती रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, कवच टोचल्यावर पिल्लू बराच वेळ थांबते, ते उगीच नव्हे. त्या वेळात पापुद्र्याच्या शिरांतले रक्त अंगात जाते, उरलेला बलक पोटात ओढला जातो. याला कधी कधी सबंध दिवसही लागतो. त्या बलकावरच ते पुढे एक-दोन दिवस दाण्याविना राहू शकते.

धाकटीने वहीत लिहिले, "घाई माझी होती, पिल्लाची नव्हती." बाकीची ८ आपणहून बाहेर आली. आम्ही दोघी हात बांधून बसलो होतो.

जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांनी सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. कोंड्यासकट तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. त्यातूनच पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेही नीट पाहण्यानेच ना?

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना खुराड्यापाशी जाऊ द्या. परतल्यावर साबणाने हात मात्र धुवायला लावा. आणि वहीत मूल स्वतःची चूक लिहील, त्या दिवशी त्याला रागावू नका. मी रागावले होते, म्हणून सांगते.