त्वचेवरील बुरशी : एक झाकलेली व्याधी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



चातुर्मासात अन्नाला बुरशी लागू नये म्हणून आपल्या घरोघरी डोळ्यांत तेल घालून दक्षता घेतली जाते. तीच बुरशी अंगाला लागली, तर मात्र संकोचाने झाकली जाते. गजकर्ण, पिवळी पडून भुगा होणारी नखे, मुलांच्या डोक्यावरील केस गळालेला खवलेदार चट्टा ही बहुतांशी केराटिनवर जगणाऱ्या बुरशीची करणी होय. १८४१ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी डोक्याच्या अशाच एका रोगाचे मूळ बुरशीत असल्याचे दाखविले. तरीही ‘रक्त बिघडले’ हा समज अद्याप सुटत नाही.

संकोचापायी रोगी परस्पर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, आणि येथेच फसगत होते! स्टिरॉइडने त्वचेचा दाह दबतो, प्रतिकारही दबतो. बुरशी मात्र सुखेनैव पसरते. जांघेतील कातडी पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. तीच नळी घरभर फिरते. २०१८ साली शासनाने अनेक स्टिरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. पण मागणाराच हटून बसला तर कायदा काय करणार? दरम्यान टर्बिनाफिन या प्रमुख औषधालाही अनेकदा न जुमानणारी बुरशी भारतात पसरली. २०२० साली जपानी संशोधकांनी तिचे नाव ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ठेवले. देशाचे नाव असे गाजावे, हे भूषणावह खचितच नव्हे.

मंदिरातील सामायिक पूजावस्त्रांचाही विचार व्हावा. पावसाळ्यात एकाने सोडलेले दमट धोतर दुसऱ्याने नेसले, की भाव कितीही शुद्ध असला तरी बुरशी अंगाला लागू शकते. प्रत्येकाने स्वतःचे वस्त्र आणावे. सामायिक वस्त्रे प्रत्येक वापरानंतर गरम पाण्यात धुऊन कडक वाळवावीत.

तपस्वींसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूल भरल्या पोटी घेतल्या तरच नीट शोषल्या जातात. म्हणून एकाशन, आयंबिल वा अठ्ठाई करावयाची असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे औषधाची वेळ त्याप्रमाणे ठरविता येते. पर्युषणात औषध मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका असतो. नखांना तर फारच धीर लागतो. पायाच्या अंगठ्याचे नख मुळापासून नवे यावयास वर्ष ते दीड वर्ष जाते.